वाचून पाहिलेलं तेल

अर्जदाराचे वर्णन, नमुना सात, भाग अ:

पुरुष. वय एकसष्ट. उंची मध्यम. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यास नख नाही. व्यवसाय, वापरलेल्या खाद्यतेलापासून जैवइंधन तयार करून ते शेतीच्या ट्रॅक्टरांस पुरविणे. कामगारसंख्या एक, अर्जदार धरून. यंत्रसामग्री: उष्णतारोधक टाकी एक, यांत्रिक ढवळणी एक, निवळण-पात्रे दोन. प्रयोगशाळा: आहे. प्रयोगशाळाप्रमुख: अर्जदार स्वतः. गुणवत्ता: प्रत्येक खेप दृश्य-पारदर्शकता पद्धतीने तपासली जाते व समाधानकारक आढळते.

हे सगळं इंधन खात्याच्या निरीक्षकाने शेडमधल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून लिहिलं आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. उष्णतारोधक टाकी म्हणजे घरातून बाद झालेला पाणी तापवायचा बंब. त्याला जुनी रजई गुंडाळून दोरीने आवळली होती. ढवळणीला कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर होती, त्यामुळे ती मध्येच थांबायची, जरा विचार करायची आणि उलटी फिरू लागायची. निवळण-पात्रं म्हणजे तळाला नळ बसवलेली दोन पिंपं. आणि प्रयोगशाळा होती खिडकीच्या कट्ट्यावर. तिथे एक काचेची बाटली होती आणि बाटलीच्या मागे भिंतीवर वर्तमानपत्राचा एक तुकडा खळीने चिकटवलेला होता.

आडनावाच्या रकान्यात निरीक्षकाने ‘तळणकर’ असं लिहिलं. ते अर्जदाराचं आडनाव नव्हतं. पण सगळा गाव त्याला त्याच नावाने हाक मारायचा, निरीक्षकही दारात येऊन ‘तळणकर इथेच राहतात का?’ असं विचारत आला होता, आणि अर्जदाराला वाटलं की सरकारी माणसाने स्वतःहून दिलेलं आडनाव परत करणं बरं दिसत नाही.

तळणकर तीस वर्षं ट्रॅक्टरचा मेकॅनिक होता. इस्पितळाच्या कॅन्टीनची तुंबलेली मोरी मोकळी करायला एकदा त्याला बोलावलं, म्हणजे बोलावलं होतं नळवाल्याला, पण नळवाला आला नाही आणि हा समोरून चालला होता. मोरीत त्याने हात घातला तर कोपरापर्यंत तेल. आचारी दर शनिवारी कढईतलं काळं तेल तिथेच ओतायचा. ‘अहो, यावर ट्रॅक्टर चालेल,’ तळणकर म्हणाला. आचारी हसला. कुणी हसलं की ते काम करून दाखवायचं, ही तळणकरची लहानपणापासूनची खोड. दोन वर्षं त्यात गेली, परसातलं एक पेरूचं झाड जळलं आणि बायकोने त्याच्यासाठी घरात येण्याचा रस्ता बदलला: मागच्या दाराने यायचं, आधी आंघोळ, मग बोलणं.

कृती सांगायला सोपी होती. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोड्याचं मिश्रण घालायचं आणि तासभर ढवळायचं. दुसऱ्या दिवशी तळाशी काळं, घट्ट ग्लिसरीन बसतं. ते नळातून काढून टाकायचं. वर राहिलेलं इंधन तीनदा पाण्याने धुवायचं, आणि धुतलं म्हणून पुन्हा तापवून सुकवायचं. ‘तेल धुता काय, आणि वाळत घालता काय! घरचे कपडे तेवढे राहिले,’ असं बायको म्हणायची. खरी मेख होती शेवटच्या सुकवण्यात. पाणी राहिलं तर इंधन गढूळ दिसतं. म्हणून बाटलीत भरून वर्तमानपत्रासमोर धरायचं. पलीकडची अक्षरं वाचता आली की तेल सुकलं. यालाच निरीक्षकाने दृश्य-पारदर्शकता पद्धत म्हटलं होतं.

बाकीची परीक्षा तळणकर नाकाने घ्यायचा. कुठल्या डब्यातलं तेल इस्पितळाच्या बटाटेकापांचं आणि कुठलं नाक्यावरच्या मासळी तळणाऱ्याचं, हे तो झाकण न उघडता सांगायचा. यात फार मोठी विद्या होती असं नाही. मासळीच्या तेलावर ट्रॅक्टर चालला की त्याच्यामागे तासभर मांजरं चालत.

या मांजरांचा सगळ्यात जास्त अनुभव होता ताईला.

ताई म्हणजे तळणकरची थोरली बहीण, वय अडुसष्ट, अकरा एकर जमीन, एक मुलगा, एक ट्रॅक्टर. मुलगा शहरात होता आणि ट्रॅक्टर दारात, त्यामुळे रोजचा सहवास ट्रॅक्टरचा. तो दाजींनी घेतलेला, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. दाजी जाऊन चार वर्षं झाली. ते असेपर्यंत ताईने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ते गेल्यावर तेराव्या महिन्यात ती सीटवर चढून बसली आणि धाकट्या भावाला म्हणाली, ‘हं. आता सांग, यातला ब्रेक कोणता आणि तुझे दाजी उगाच दाबायचे तो कोणता.’

मुलगा स्वभावाने वाईट नव्हता. त्याला फक्त काळजी होती, आणि काळजी करणारी माणसं दर रविवारी फोन करतात. अडुसष्टाव्या वर्षी आईने तीस वर्षांच्या ट्रॅक्टरवर, तेही मामांनी कढईतून काढलेल्या तेलावर, एकटीने शेतात फिरावं हे त्याला झोपेतसुद्धा पटत नव्हतं. शेवटी मायलेकांत एक करार झाला. या गव्हाच्या पेरणीला ट्रॅक्टर वावरात एकदाही बंद न पडता काम वेळेत झालं, तर विषय संपला. बंद पडला, तर ट्रॅक्टर विकायचा, जमीन वाट्याने द्यायची आणि आईने शहरात यायचं. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, असं त्याने तीनदा सांगितलं होतं.

‘लिफ्टने वर जाऊन करू काय?’ ताईने भावाला विचारलं.

‘खाली बघायचं,’ तळणकर म्हणाला.

मंगळवारी जमीन वाफशावर आली. म्हणजे ओल अशी की मुठीत दाबलं तर ढेकूळ व्हावं आणि बोटाने टिचकी मारली तर फुटावं. असा वाफसा चार-पाच दिवस टिकतो. मुलगा रविवारी येणार होता. ताईने मंगळवारी पेरणी सुरू केली आणि बुधवारी दुपारपर्यंत तीन एकर झालेसुद्धा. मग वावराच्या बरोबर मधोमध ट्रॅक्टर दोनदा आचकला, एकदा पांढरा धूर सोडला आणि थांबला. मागची दोन मांजरंही थांबली.

तळणकर सायकल हातात धरून चालत आला. हल्ली तो सायकल नेहमी हातातच धरायचा. गुडघ्याला व्यायाम, असं म्हणायचा. त्याने इंजिनवर तळवा ठेवला, नळीवरून बोट फिरवत फिल्टरपर्यंत आला आणि न बघता बरोबर तेवढ्या मापाचा पाना पिशवीतून काढला.

‘टाकीतली जुनी घाण सुटली असेल,’ तो म्हणाला. ‘आपलं तेल टाकी साफ करतं ना, मग ती घाण फिल्टरात येऊन बसते.’

‘ती तीन वर्षांपूर्वी आली,’ ताई म्हणाली. ‘तेव्हा तू तीन फिल्टर बदललेस आणि टाकी आरशासारखी झाली म्हणून गावभर सांगत सुटलास. आता पुन्हा कुठली घाण?’

‘थोडी राहिली असेल.’

‘आरशाला?’

त्याने फिल्टरच्या खालची काचेची वाटी सोडवली आणि ताईच्या हातात दिली. ताईने ती उन्हात धरली. वर पिवळं तेल होतं आणि खाली, बोटभर, स्वच्छ पाणी. पाऱ्यासारखं हलत होतं.

‘यात पाणी आहे,’ ती म्हणाली.

‘असं?’ तळणकर म्हणाला. तो वाटीकडे बघतच नव्हता, ताईच्या आवाजाकडे बघत होता. मग त्याने बोट बुडवलं आणि दोन बोटं एकमेकांवर घासली.

‘पंपावरचं डिझेल आणते,’ ताई म्हणाली. ‘निदान पेरणी तरी उरकेल.’

‘आण,’ तळणकर म्हणाला.

इथे ताईच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. पंपावरच्या डिझेलचं नुसतं नाव काढलं तरी हा माणूस अर्धा तास बोलायचा: जमिनीखालचं उपसून जाळणं आणि कढईतलं वाया जाणारं जाळणं यात फरक काय, पंपाच्या नळीत भेसळ कुठे होते, आणि दाजी असते तर काय म्हणाले असते. दाजी असते तर पंपावरच गेले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी तो म्हणायचा. आणि आज नुसतं ‘आण’. ती सासरी निघाली तेव्हा या भावाने रडून जेवढा त्रास दिला नव्हता, तेवढा त्रास त्या एका शब्दाने दिला.

ती पंपावर गेली नाही. कुठे पाणी मुरतंय ते बघायला ती सरळ शेडवर गेली.

बायको दारात धान्य निवडत बसली होती. ‘वन्सं, बरं झालं आलात,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘काल यांनी माझ्या बहिणीला रस्त्यात ओळख दिली नाही. ती रुसून बसलीय. आणि शेडमधला एक पाना मी जागचा हलवला तर घर डोक्यावर घेतलं. पूर्वी पाने अंथरुणातसुद्धा सापडायचे हो!’

‘तू काही विचारलंस?’

‘विचारलं. म्हणतात, थोर माणसं विसराळू असतात.’

तळणकर परत आला तेव्हा ताई शेडमधल्या खुर्चीवर बसली होती. ‘ही शेवटची खेप तपासली होतीस?’ तिने विचारलं.

‘म्हणजे काय! चाळीस लिटर. याच पिंपातलं तुला दिलं. डोळ्यांत तेल घालून तपासलंय.’

‘मग माझ्यासमोर एकदा तपास.’

त्याने पिंपाच्या नळाखाली बाटली धरून भरली, कट्ट्याशी गेला आणि ती वर्तमानपत्राच्या तुकड्यासमोर धरली. मान थोडी तिरकी केली आणि शाळेत उभं केल्यासारखा खणखणीत आवाजात वाचू लागला:

‘मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हा सुरू. शहराच्या मध्यभागी असलेल्या मनोऱ्यावरील घड्याळ अकरा महिन्यांच्या दुरुस्तीनंतर काल सुरू करण्यात आले. घड्याळ अत्यंत अचूक असल्याबद्दल नगराध्यक्षांनी समाधान व्यक्त केले. मात्र ते सात मिनिटे पुढे असल्याची तक्रार काही नागरिकांनी केली आहे.’ त्याने बाटली खाली ठेवली. ‘झालं? स्वल्पविरामासकट दिसतंय.’

ताई उठून कट्ट्याजवळ गेली. बातमीचा कागद तिने अगदी जवळून पाहिला. मग बाटली उचलून त्याच्यासमोर धरली. आतून धुक्यातल्यासारखा पांढुरका उजेड आला, अक्षर एकही नाही. तिने बाटली बाजूला केली आणि कागदाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कड कुरतडल्यासारखी दातेरी होती.

‘धाकट्या,’ ती म्हणाली, ‘ती शेवटची ओळ कुठून वाचलीस?’

‘कागदावरून.’

‘ती ओळ उंदराने खाल्लीय. नगराध्यक्षांचं समाधान तेवढं शिल्लक आहे. नागरिक सगळे गेले.’

बाहेर ढवळणी थांबली, विचार करू लागली आणि उलटी फिरली.

‘कधीपासून?’ ताईने विचारलं.

‘गेल्या थंडीपासून.’ तो खुर्चीत बसला. ‘आधी वाटलं चष्मा पुसला नाही. मग वाटलं धूर असेल. मग चष्मा काढून पुसला, धूर बंद केला, आणि तरी तसंच. बातमी सहा वर्षं रोज वाचतोय, पाठच झाली. बाटली धरली की अक्षरं आपोआप दिसायची गं, खोटं नाही बोलत. खरंच दिसायची.’

‘आणि नाक? नाकाने सांगितलं नाही?’

‘पाण्याला वास नसतो,’ तळणकर म्हणाला. आयुष्यभराच्या विद्येने ऐन वेळी पाठ फिरवलेल्या माणसासारखा तो हे म्हणाला.

‘डॉक्टरकडे का नाही गेलास?’

‘डॉक्टर तपासणार, मग सगळ्यांना कळणार. दिसत नसलेल्या मेकॅनिककडे ट्रॅक्टर कोण आणतं? इंजिन मी हाताने करतो, कानाने करतो, ते कुणी बघत नाही. लोक डोळे बघतात.’ त्याने नख नसलेला अंगठा चोळला. ‘आणि तुझा मुलगा. त्याच्या हातात आयतं कोलीत. मामा आंधळा, आई ट्रॅक्टरवर. तो तुला त्याच दिवशी लिफ्टमध्ये घालेल.’

ताईने शेडचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. ‘इंजिन बंद पडण्याआधी किती वेळ आचकत असेल?’

‘इतकं पाणी आहे म्हणजे सकाळपासूनच. कालपासूनसुद्धा असेल. इंजिन एकदम मरत नाही, आधी खोकतं. ऐकू आलं असेल तुला.’

‘मला नाही आलं.’

‘असं कसं? बहिऱ्यालासुद्धा...’ तो थांबला.

‘हं,’ ताई म्हणाली. ‘डावा कान गेल्या पावसाळ्यापासून पार गेलाय. उजवा मर्जी असेल तेव्हा चालतो. फोनवर तुझा भाचा काय बोलतो त्यातलं निम्मं मी अंदाजाने होकारते. लिफ्ट आहे हे एकदाच ऐकू आलं. तीनदा सांगितलं असं सूनबाई म्हणाली.’

तळणकरने तिच्याकडे, म्हणजे तिच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग तो हसायला लागला. ताईही हसली. बायको दार उघडून आत डोकावली आणि दोघांना हसताना बघून तिने दार पुन्हा लावून घेतलं. या घराण्यात हे अधूनमधून होतं, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

‘दोघांत मिळून एक माणूस धड आहे,’ तळणकर म्हणाला.

‘मग एका माणसाचं काम होईल,’ ताई म्हणाली. ‘पंपावर मी जाणार नाही. चाळीस लिटर इथे पडलंय, ते सुकव. करारात बंद पडायचं नाही असं होतं, ते तर पडलं. पण वेळेत पेरणी हा निम्मा करार अजून हातात आहे. त्याला पंपाच्या तेलावर झालेली पेरणी दाखवली तर तो म्हणेल, पाहिलंस आई, मामांचं तेल काढलं आणि काम झालं. आणि उद्या तू या कट्ट्याजवळसुद्धा फिरकणार नाहीस. मी ओळखते तुला. सातवीत नापास झालास तेव्हा शाळेच्या रस्त्यानेच जाणं सोडलं होतंस.’

गुरुवार पूर्ण सुकवण्यात गेला. तळणकरने ट्रॅक्टरची टाकी आणि फिल्टर रिकामे करून पुसले, नवा फिल्टर हाताने चाचपून बसवला आणि टाकीतलं तेलही पिंपात परत आणलं. तेल थोडं थोडं बंबात तापवायचं, वर हवेची नळी सोडायची आणि वाट बघायची. तापमान तो बंबाच्या अंगाला मनगट लावून सांगायचा, ताई तापमापक वाचून खात्री करायची; फरक एक-दोन अंशांचा. वाचायला ताईने त्या दिवशीचं ताजं वर्तमानपत्र आणलं होतं. घड्याळाची बातमी तिने खरवडून काढली. अर्धी भिंत तिच्याबरोबर आली.

दोन तासांनी तिने पहिली बाटली धरली.

‘काय दिसतंय?’

‘धुकं.’

आणखी एक तासाने: ‘मथळा दिसतोय. पूल.. पुलाचं काहीतरी.. पुलाचं उद्घाटन लांबणीवर.’

‘लांबणीवर दिसतंय का तू म्हणतेस?’

ताईने बाटली नीट धरली. ‘मी म्हणते,’ तिने कबूल केलं. ‘पूल म्हटल्यावर लांबणीवरच असणार.’

तळणकर खुर्चीतून उठला. नऊ महिने ज्या गोष्टीवर तो फसला होता ती त्याला आता हातात पाना यावा तशी नेमकी सापडली होती. ‘ताई, अर्थाचं वाचू नकोस. अर्थ माणूस डोक्याने भरतो, डोळ्यांची गरजच पडत नाही. जिथे अर्थ नाही असं काहीतरी शोध.’

ताईने पान उलटलं. छोट्या जाहिराती होत्या. पुढच्या खेपेला, दुपारी चारच्या उन्हात, तिने बाटली एका जाहिरातीसमोर धरली. ‘हरवली आहे. तपकिरी रंगाची छत्री, मूठ बदकाच्या डोक्याची. आणून देणाऱ्यास...’

‘ते सोड. फोन नंबर आहे?’

‘आहे.’

‘वाच.’

‘सात. तीन. शून्य. शून्य. नऊ.’ ती एकेक आकडा मोजल्यासारखा उच्चारत गेली. शेवटपर्यंत. मग बाटली काढून पुन्हा वाचलं. नंबर तोच होता.

‘सुकलं,’ तळणकर म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला ते खरंच माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर चौथ्या धक्क्याला सुरू झाला. तळणकर ताईच्या उजव्या बाजूला, चाकावरच्या पत्र्यावर बसला. पत्रा बसायला केलेला नसतो हे त्याने तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. ताई पुढे बघायची, तो इंजिन ऐकायचा. काही ऐकू आलं की तिच्या खांद्यावर बोट टेकवायचा: एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे हळू, तीनदा म्हणजे थांब. तीनदा त्याने एकदाच टेकवलं, आणि तेसुद्धा इंजिनसाठी नव्हतं. पेरणीयंत्राच्या एका नळीतून बी पडायचा आवाज थांबला होता. ताई उतरली. नळीत खरोखरच मातीचं ढेकूळ अडकलं होतं. तिने ते काढलं, परत चढली आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांच्या घरात शाबासकी अशीच देत.

शुक्रवारी चार एकर झाले. शनिवारी तीन. रविवारी मुलगा आला तेव्हा एक एकर बाकी होता, ओल अजून होती आणि ट्रॅक्टर त्याच्याकडेच तोंड करून येत होता. बांधावर उभं राहून त्याने ते दृश्य पाहिलं: स्टिअरिंगवर आई, पत्र्यावर मामा, मागे पाच मांजरं.

ट्रॅक्टर बांधाशी थांबला. तळणकर उतरला आणि मोकळेपणाने हात पुढे करून म्हणाला, ‘या या! बी कमी पडलं नाही, बरं का. तुम्ही दिलेलं वाण एकदम झकास!’

‘मामा,’ मुलगा म्हणाला, ‘मी बियाणेवाला नाही.’

एक मांजर येऊन मुलाच्या बुटावर बसलं.

‘हा अंधारात उभा होता म्हणून,’ ताई म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते.

मुलगा आईकडे बघत राहिला, मग मामांच्या डोळ्यांकडे. शहरात राहिला म्हणून काही त्याला दिसत नव्हतं असं नाही. उजव्या बुबुळावरचा राखाडी ठिपका त्याला हातभर अंतरावरून दिसला. ‘आई, ट्रॅक्टर बंद पडला होता का?’ त्याने विचारलं.

ताईला खोटं बोलता आलं असतं, आणि उजवा कान मर्जीत नसल्याचं सोंगही करता आलं असतं. ‘पडला होता,’ ती म्हणाली. ‘बुधवारी. तेलात पाणी होतं. मग आम्ही ते काढलं आणि सात एकर याच तेलावर पेरले. कराराप्रमाणे तू ट्रॅक्टर विकू शकतोस. पण आधी हा शेवटचा एकर होऊ दे, ओल जाईल.’

ती परत चढून बसली. मुलगा एकरभर वेळ बांधावर उभा राहिला. पत्र्यावर बसलेल्या मामांचं बोट आईच्या खांद्यावर टेकताना आणि ती त्याबरोबर ट्रॅक्टर हळू करताना त्याने पाहिलं; एकदा नाही, शेवटच्या फेरीपर्यंत पाहिलं. लहानपणी त्याला याच वावरात वडील आणि आई असे एकमेकांशी न बोलता काम करताना दिसायचे. काम संपलं तेव्हा तो बांधावरून खाली उतरला.

‘ट्रॅक्टर राहू दे,’ तो म्हणाला. ‘पण उद्या सकाळी मामा माझ्या गाडीत. डोळ्यांच्या इस्पितळात.’

‘उद्या मला खेप आहे,’ तळणकर म्हणाला.

‘मामा, ट्रॅक्टर विकू का?’

‘उद्या किती वाजता?’ तळणकर म्हणाला.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि उजव्यातला चांगलाच पिकला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस कसं निभावलंत? तळणकर म्हणाला, वाचन होतं. पट्टी निघाली त्या दिवशी ताई आणि बायको दोघी त्याला आणायला गेल्या. इस्पितळाच्या पायऱ्यांवर तो थांबला, समोरच्या चौकातल्या मनोऱ्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं, आणि मग ताईचं मनगट धरून तिच्या घड्याळात पाहिलं.

‘सातच,’ तो समाधानाने म्हणाला. ‘नागरिकांचं बरोबर होतं.’ मग तो बायकोकडे वळला. ‘तू केस कधी पिकवलेस?’

‘तुम्ही तेल धूत होता तेव्हा,’ ती म्हणाली.

ताईच्या कानाचं मात्र मुलाला अजून कळलेलं नाही. पेरणीच्या वेळी तळणकर पत्र्यावर बसतो, त्याला गुडघ्यासाठी हवा बदलायची असते.

वर्षाने परवान्याचं नूतनीकरण आलं. तोच निरीक्षक, तीच खुर्ची. त्याने जुना अर्ज समोर ठेवून नवा भरला. यंत्रसामग्री, पूर्वीप्रमाणे. कामगारसंख्या एक. तळणकरने काही दुरुस्ती सुचवली नाही. प्रयोगशाळा: आहे. प्रयोगशाळाप्रमुख: अर्जदार स्वतः. प्रत्येक खेप दृश्य-पारदर्शकता पद्धतीने तपासली जाते व समाधानकारक आढळते. खाली सही करताना तळणकरने चष्मा लावला नाही, आता त्याला लागत नाही. भिंतीवरच्या ताज्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा त्याला खुर्चीतून दिसतात.

फोन नंबर ताईच वाचते.